रोज तपासलेली बॅटरी

चिरंजीव जावईबापू यांस सासऱ्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. (हे वाक्य तुमच्या सासूबाईंनी समोर बसून लिहून घेतलं आहे. माझं मत असं होतं की आधी सगळं सांगावं आणि क्षेम आहे की नाही ते वाचणाऱ्याने ठरवावं.) तुमची प्रकृती कशी आहे? जहाजावरचं जेवण पोटाला सोसतं का? डेकवर गेलात तर कठड्याला टेकून उभे राहू नका. कठडे आतून गंजतात आणि बाहेरून रंग देतात. विमा कंपनीच्या दावे खात्यात माझी सारी नोकरी गेली, तिथे टेकून उभ्या राहिलेल्या माणसांच्या फायलींना वेगळं कपाट होतं, म्हणून सांगतो.

तुमचं जहाज सध्या फोन पोचत नाही अशा समुद्रात आहे आणि पुढच्या बंदरावर हे पत्र मिळेल, असं तुमच्या कंपनीतल्या माणसाने कळवलं, म्हणून लिहायला बसलो. फोन लागत असता तरी तो माझ्या हाती कोणी दिला नसता. माझा आवाज फोनवर कापतो, आणि मी नुसतं 'कसे आहात' विचारलं तरी पलीकडच्या माणसाला वाटतं, घरातलं कोणीतरी गेलं.

तर जाताना तुम्ही माझ्यावर दोन गोष्टी सोपवून गेलात: दिवस भरत आलेली माझीच मुलगी आणि तुमची गाडी. मुलीचं सगळं तिची आई पाहत होती, त्यामुळे माझ्या वाट्याला गाडी आली. 'बाबा, कळा सुरू झाल्या की हॉस्पिटल पुलापलीकडे आहे, गाडी तेवढी तयार ठेवा,' एवढंच तुम्ही म्हणालात आणि निघून गेलात. तुमच्या दृष्टीने ते एक वाक्य होतं. मी त्या दिवसापासून धड झोपलो नाही. गाडी ऐनवेळी सुरू झाली नाही तर? पुढे दिवसभराच्या सगळ्या कामात, दाढी करताना, भाजी चिरताना, माझ्या डोक्यात हा एकच प्रश्न. त्यात यंदाची थंडी अशी की सकाळी नळाला पाणी नसायचं, नुसती बर्फाची कांडी लोंबत असायची.

म्हणून मी गाडी रोज तपासायला लागलो. संध्याकाळचा चहा झाला की दोन स्वेटर आणि कानटोपी घालून गॅरेजात जायचं, किल्ली फिरवायची, आणि इंजिन सुरू झालं की जीव भांड्यात पडायचा. तो पडला की लगेच इंजिन बंद करायचं, कारण बंद गॅरेजात धूर कोंडून काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे (त्याचंही कपाट होतं). मग इंजिन बंद ठेवून बाकीची तपासणी. पुढचे दिवे लावून खाली उतरून पाहायचे, मागचे पाहायचे, ब्रेकचा दिवा पाहण्यासाठी पायाच्या जागी काठी टेकवून ठेवायची. वायपर, आतला पंखा, काचा वर, काचा खाली, शेवटी हॉर्न. एखाद्या दिवशी मनाचं समाधान झालं नाही तर पहिल्यापासून पुन्हा. शिवाय ऐनवेळी मागे घेण्यात वेळ जायला नको म्हणून मी ती तोंड रस्त्याकडे करून उभी केली होती. इतकी काळजी तुम्ही स्वतःसुद्धा घेतली नसती, असं मला तेव्हा वाटायचं.

गेल्या आठवड्यात एके दिवशी उजाडता उजाडता मुलगी स्वतःच्या पायांनी चालत स्वयंपाकघरात आली आणि आईला म्हणाली की निघायला हवं. तुमच्या सासूबाईंनी गॅस बंद केला, शाल घेतली. मी मात्र एका पायात मोजा घालून उभा होतो आणि दुसरा मोजा हातात असून शोधत होतो. मुलीला मागच्या सीटवर बसवलं, गॅरेजचं दार उघडलं, किल्ली फिरवली. टक्, टक्, टक्. पुन्हा फिरवली. टक्. दिवे लावले तर काजव्याएवढे लागले आणि माझ्या डोळ्यांसमोर विझत गेले.

जावईबापू, ज्या गोष्टीची भीती आयुष्यभर वाटत आली ती समोर येऊन उभी राहिली की माणूस धीट होतो असं लोक म्हणतात. खोटं आहे. मी पुन्हा मोजा शोधायला लागलो. तुमच्या सासूबाईंनी रुग्णवाहिकेला फोन लावला. उताराचा रस्ता गोठलाय, वाळू टाकून झाल्याशिवाय गाडी खाली उतरणार नाही, तासभर तरी धरा, असं उत्तर आलं. टॅक्सीवाला फोन उचलेना. ढकलून पाहावं म्हणून मी मागून जोर लावला, तर गाडी होती तिथेच राहिली आणि मी घसरून तिच्या खाली गेलो, छातीपर्यंत.

मुलीने मला बाहेर यायला सांगितलं आणि एक कळ ओसरल्यावर शांतपणे विचारलं, की बाबा, तुम्ही रोज इंजिन किती वेळ चालू ठेवत होतात? मी तिला सगळी तपासणी क्रमवार सांगितली, काठीसकट. (थोड्या अभिमानानेच सांगितली.) तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दुसरी कळ आली.

"बाबा," ती म्हणाली, "बॅटरी भरते ती इंजिन चालू असताना. तुम्ही रोज तिच्यातून काढत गेलात आणि परत काहीच ठेवलं नाहीत. त्यात ही थंडी. आता समोरच्या काकांकडे जा, त्यांच्याकडे केबल आहे."

समोरचे काका म्हणजे कर्नल. ते टपाल खात्यातून निवृत्त झाले आहेत, हुद्दा आम्हीच त्यांना मिशांवरून दिला. आमचं बोलणं गेल्या हिवाळ्यापासून बंद आहे, कारण ते त्यांची गाडी आमच्या गॅरेजच्या दारासमोर लावायचे. मी तोंडाने सांगून पाहिलं. मग एक लोखंडी बोर्ड करून घेतला, बुडाशी सिमेंट ओतलेला, आणि दारासमोर मधोमध उभा केला. गॅरेजातून गाडी काढायची तर तो आधी सरकवावा लागतो, पण तेवढा त्रास मी तत्त्वासाठी सोसत होतो. त्यावर मजकूर माझाच: 'या दारासमोर गाडी लावू नये. लावल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी लावणाऱ्याची राहील.'

त्यांच्या दाराशी जाईपर्यंत मी माफीचं एक भाषण तयार केलं होतं. दार उघडलं तेव्हा तोंडातून एवढंच निघालं, "मुलगी. गाडी." कर्नलांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या एका मोज्याकडे पाहिलं, आणि आत निघून गेले. मला वाटलं, पुन्हा झोपायला गेले. मी पायरीवर उभा राहून आतल्या आत रडायला लागलो होतो, तेवढ्यात ते अंगावर घोंगडी आणि खांद्यावर केबल अडकवून आले आणि स्वतःची गाडी सुरू करून आमच्या दाराशी घेऊन आले. केबल आखूड होती. दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहायला हव्या होत्या, म्हणजे नेमक्या त्या जागी. त्यांच्या गाडीचे दिवे सरळ माझ्या बोर्डावर पडले. इतका स्वच्छ तो मी लिहिल्यापासून कोणी वाचला नसेल. कर्नलांनी काच खाली केली.

"वाचलं मी," ते म्हणाले. "काय करू?"

बोर्ड बुडाशी गोठून जमिनीला चिकटला होता. सासूबाईंनी चहाचं आधण आणून त्याच्यावर ओतलं, मी एका बाजूने आणि कर्नलांनी दुसऱ्या बाजूने धरून हिसका दिला, तेव्हा कुठे तो सुटला. तत्त्व किती जड होतं ते मला तेव्हा कळलं. आम्ही दोघांनी तो उचलून भिंतीशी ठेवला.

मग केबल. बॅटरी फुटून काय होतं त्याच्या फायली मी वाचलेल्या आहेत, म्हणून मी मुलीला घरात न्यायला निघालो. ती म्हणाली की बाबा, एकदा उतरले तर पुन्हा चढणार नाही. कर्नलांनी लाल चिमटे लावले, मग काळ्याचं एक टोक त्यांच्या बॅटरीला आणि दुसरं माझ्या हातात देऊन म्हणाले की इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. मी डोळे मिटून लावलं. बारीक ठिणगी उडाली ती मला मिटल्या डोळ्यांनीही दिसली. त्यांनी आपलं इंजिन चालू केलं आणि सांगितलं की लगेच किल्ली फिरवू नका, थोडं प्यायला द्या तिला.

ती थोडी मिनिटं मी विसरणार नाही. मुलीने काचेतून हात बाहेर काढून माझी बोटं धरली आणि म्हणाली, "बाबा, काहीतरी बोला ना." जन्मभर मी तिला झाडावर चढू नको, पाण्यात उतरू नको, हेच बोलत आलो. भीतीची नाही अशी एक गोष्ट मला आठवेना. मग एक फाईल आठवली. एका बाईने अंगठी हरवल्याचा दावा केला होता, आणि पुढच्याच आठवड्यात तिचं पत्र आलं की अंगठी पिठाच्या डब्यात सापडली, दावा रद्द करावा, तसदीबद्दल क्षमस्व. अख्ख्या नोकरीत तेवढीच एक फाईल मी हसत बंद केली होती. मुलगी हसली. हसता हसता कळ आली आणि तिने माझी बोटं अशी आवळली की करंगळी अजून सरळ होत नाही. लहानपणीची ती आणि आताची ती, दोघी एकदम डोळ्यांपुढे आल्या. फार भीती वाटली हो. इतकी कधीच वाटली नव्हती.

किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि सुरू झाली. कर्नलांनी चिमटे काढले, बॉनेट आपटलं आणि बजावलं की आता ही कुठेही बंद करू नका.

मी केली नाही. रस्ताभर गाडी बैलगाडीच्या चालीने नेली, हॉस्पिटलच्या दाराशी मायलेकींना उतरवलं, परिचारिकेने मुलीला खुर्चीत बसवून आत नेलं, आणि मी चालू गाडीत बसून राहिलो. बंद केली आणि पुन्हा सुरू झाली नाही तर? आत काही कमीजास्त झालं, दुसरीकडे न्यायची वेळ आली तर? पहारेकऱ्याने सांगितलं की इथे थांबता येणार नाही, म्हणून मी हॉस्पिटलभोवती फेऱ्या घालू लागलो. प्रत्येक फेरीला तो पहारेकरी मला सलाम करायचा, आधी रागाने, पुढे पुढे काळजीने. एका फेरीत पाहतो तो वरच्या खिडकीत तुमच्या सासूबाई उभ्या, आणि माझ्याकडे पाहून हात फिरवून काही सांगताहेत. मला काही उमजेना. चांगली बातमी असती तर माणूस खाली येऊन सांगतो, असं मनात आलं. मी गाडी थांबवली नाही. थांबलो तर ऐकावं लागलं असतं.

पुढच्या फेरीला कर्नल रस्त्याच्या मधोमध उभे होते. (बाळंतिणीची बॅग आम्ही पायरीवरच विसरलो होतो, ती घेऊन ते मागोमाग आले आणि वर देऊन आले होते.) त्यांनी हात आडवा केला, काचेतून आत हात घातला आणि किल्ली स्वतः फिरवून गाडी बंद केली.

"आता बंद केली तरी चालेल," ते म्हणाले. "वर जा."

मी विचारलं, पुन्हा सुरू झाली नाही तर? त्यावर ते मिशीतल्या मिशीत म्हणाले, "मी समोरच राहतो."

मग मी वर गेलो. दुसऱ्याच दिवशी गाडीला नवी बॅटरी बसवून घेतली, आणि आता तिला रोज चक्कर मारायला नेतो, नुसती तपासत नाही. तरी आपण गाडीची काळजी करू नये. थंडीत कान झाकावेत. कळावे, लोभ आहेच, तो जपून वापरावा.

आपला सासरा

ता. क. तुमच्या सासूबाईंनी पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. त्यांचं म्हणणं, इतकी पानं बॅटरीवर खर्ची घातलीत आणि मुख्य गोष्ट लिहिलीच नाहीत. तर, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. नाक तुमचं आहे, ओरडणं आमच्याकडचं. खिडकीतून त्या मला 'गाडी बंद करा' असं सांगत होत्या म्हणे. नातीला आजोबांच्या आधी कर्नलांनी पाहिलं, हे मी त्यांना माफ केलं आहे.

ता. क. दुसरा. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं: परत आलात की गाडी जरूर घेऊन जा. त्या दोघींना मात्र थोडे महिने इथेच राहू द्या. थंडी सरेपर्यंत. किंवा पुढची सरेपर्यंत.

ता. क. तिसरा. वरच्या विनंतीला सासूबाईंचा विरोध आहे. दुपारी नात झोपली की मी जरा तिचा श्वास चालू आहे ना ते पाहून येतो. नाकाशी बोट धरतो, बोट गार असतं, ती जागी होते आणि रडते, आणि माझा जीव भांड्यात पडतो. समाधान झालं नाही तर थोड्या वेळाने पुन्हा. सासूबाई म्हणाल्या, तपासून तपासून बॅटरी उतरवलीत, आता पोरीला तरी भरू द्या. आज सकाळी त्यांनी माझाच बोर्ड तिच्या खोलीच्या दारासमोर आणून ठेवला आहे. 'गाडी लावू नये' खोडून खडूने 'आजोबांनी थांबू नये' असं केलंय, जबाबदारीचं वाक्य तसंच ठेवलंय. जिन्यावरून तो कर्नलांनी वर आणून दिला. मी माझी खुर्ची बोर्डाच्या अलीकडे ठेवली आहे. कान देऊन बसलं तर इथूनही श्वास ऐकू येतो.