शिडीवरची पळी

प्रिय लाह से,

मासळीवाल्या मावशीच्या टोपलीतून हे पत्र येतंय, म्हणून वास मारेल. नाक धरून वाच आणि वाचून झालं की चुलीत घाल. यांगूनच्या बसथांब्यावरून तुला उचलून सरकारी लष्करात भरती केलं, हे कळल्यापासून आई रोज तुझं पान वाढते. तुझी पलटण आता नदीपलीकडच्या टेकडीवर आलीय, हेही मावशीनंच सांगितलं. म्हणजे ज्या टेकडीकडे मी रायफल रोखून बसतो, तिथेच तू!

पन्नाशीत तुझा बाप सरकारशी लढणाऱ्या आपल्या करेन लोकांच्या फौजेत शिपाई झाला. लढाई क्वचित; बाकी ओले बूट वाळवणं, जळवा उपटणं आणि मिठाला लावून भात खाणं. इंजिनं खोलून खोलून शिकलो तसं जमिनीत पुरलेले सुरुंग काढायलाही शिकलो, कुणाकडे शिकायला गेलो नाही. आमचा कमांडर तुझ्याच वयाचा. परवा म्हणाला, “काका, सुरुंग काढताय की तांदूळ निवडताय? पंगत खोळंबलीय का?” मी म्हटलं, “बाळा, तांदळात खडा राहिला तर दात जातो. इथे काय जातं ते तूच सांग.” माझ्या मागून चालणाऱ्या एकाचंही पाऊल आजवर गेलेलं नाही, हे मी मुद्दाम लिहितोय.

आपलं घर बॉम्बनं जळालं, घरात चढायची शिडी तेवढी वाचली. ती खांद्यावरून रानात आणून नव्या झोपडीला लावली. तू लहानपणी बसवलेली पायरी अजून तिरकीच आहे. माझ्या डोळ्यांना ती सलते. काढायला गेलो तर आई म्हणाली, “हात तर लावून बघा!”

पावसाळ्यात मनगटाला धागे बांधायचा सण झाला. तुझं मनगट नव्हतं, म्हणून आईनं तुझ्या सदऱ्याच्या बाहीला धागा बांधला. भाताची पळी शिडीवर आपटत तुझ्या जिवाला हाका मारल्या, “रानात राहू नकोस, नदीकाठी राहू नकोस, परक्याच्या भातावर राहू नकोस, घरी ये.” सण सरला, पण तिची पळी रोज पहाटे चालूच. शेजारीण म्हणाली, “अगं, शिडी मोडेल.” ही म्हणते, “मोडू दे. दुरुस्त करणारा बसलाय की घरात!”

तर आता नीट ऐक. नदीचं पाणी उतरून गुडघ्यावर आलंय. अलीकडे आलास की ज्या फणसावरून पडून तू हात मोडून घेतला होतास, तिथून आमच्या चौकीपर्यंतची वाट मी साफ केलीय, वीतवीत चाचपून. दर झाडाला मनगटाच्या उंचीवर पांढरा धागा आहे, आईनं वळलेला. एका धाग्यापासून सरळ दुसऱ्या धाग्याकडे चाल, बाजूला पाऊल नको. धुक्यात धागा दिसेना तर उभा राहा, धुकं विरू दे; आपली झोपडी चौकीच्या मागेच आहे, पळीचा आवाज तोवर सोबत करील. बंदुकीची नळी खाली ठेव. गोळी झाडायची नाही, असं कमांडरनं चौकीवर सगळ्यांना बजावलंय. रोज पहाटे शेवटच्या धाग्यापाशी मी उभा असतो. तेवढं अंतर चालून ये, बाळा. ती पायरी तुझ्याच हातून सरळ करून घ्यायचीय.

तुझाच,
बाबा