फळीवरचा दुसरा पेला

प्रिय रदवान,

तुझा फोन आला त्या दिवसापासून तुझी आई दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगते आहे, "माझा मुलगा कुवेतची नोकरी सोडून येतोय. बापाला स्वतःच्या यकृताचा तुकडा देणार आहे!" मी कपाळाला आठ्या घातल्या तर मलाच, रदवानच्या बापाला, म्हणते, "गप्प बसा, अबू रदवान. देणारा देतोय, घेणाऱ्याचा कसला एवढा तोरा?" तुझं रक्त स्वच्छ निघालं हे ऐकून ती शेजाऱ्यांत खजूर वाटून आली.

माझं म्हणशील तर दिवस ढकलतोय. सकाळी उठतो तोच रात्रभर शेत नांगरल्यासारखा दमून. म्हैस कालव्यावर नेताना अर्ध्या वाटेत बसावं लागतं, आता तीही सवयीने तिथेच थांबते. मीठ बंद. वसंताच्या सणाला सगळं गाव खारवलेली मासळी खात होतं आणि मी उकडलेला बटाटा गिळत होतो. रमजानात रोजे धरायचे नाहीत म्हणून दार लावून चोरासारखा जेवतो. ती ताप आणणारी इंजेक्शनं घेऊन माझे केस गेले, आजार मात्र होता तिथेच. न्हावी हिंदावी मला वस्तरा लावायला घाबरतो, लांबूनच ओरडतो, "दाढी ठेव रे, भारदस्त दिसतोस!" अर्ध्या गावाला हेच दुखणं आहे, पण नाव कोणी घेत नाही.

माझा चहाचा पेला वेगळ्या फळीवर असतो, हे तू पाहिलंच आहेस. हा आजार पेल्यातून नाही, रक्तातून पसरतो, असं डॉक्टरांनी तुझ्या आईला कितीदा सांगितलं. तिला पटत नाही. आणि आम्ही शाळेत असताना कालव्याच्या पाण्यातल्या जंतांसाठी सगळ्या पोरांना एकाच सुईने टोचायचे, तेव्हा कोणालाच काही वाटलं नाही. तुझी आई रांगेत माझ्यापुढे असायची. स्वतःला टोचताना हूं की चूं नाही, आणि मला टोचलं की रडायची. मी तिला रडूबाई म्हणून चिडवायचो.

परवा त्या फळीवर माझ्या पेल्याशेजारी दुसरा पेला दिसला, निळ्या काठाचा, तिचा. विचारलं तर म्हणाली, "तिकडे जागा नव्हती." घरात आम्ही दोघं, जागेला काय झालं? शेवटी तुझ्या नवारा मावशीला खोदून खोदून विचारलं. तुझ्या अंगाला सुरी लागू नये, त्याऐवजी आपलंच यकृत देता येतं का, हे बघायला तुझी आई गुपचूप तपासणीला गेली होती. तिच्याही रक्तात हाच आजार निघाला. मला कळलं तर मी ऑपरेशनला उभा राहणार नाही, म्हणून तिने मावशीला शपथ घातली होती. रदवान, त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन रडलो.

डॉक्टर म्हणतात, माणसाला असा तुकडा एकदाच देता येतो. माझ्या पोटात पाणी भरलंय, तिच्या अजून नाही. तेव्हा तू येऊ नकोस, बाळा. जपून ठेव तो. तिला लागेल तेव्हा मी नसेन, आणि ती तोंड उघडून मागणार नाही. तू तिला फोनवर एवढंच सांग, की नोकरी सोडवत नाही. ती तुला नाही नाही ते बोलेल. बोलू दे. तिच्या शेजारी बसून मीही तुला शिव्या घालीन.

तुझाच,
बाबा