छाती साफ आहे

रविवार, २२ फेब्रुवारी

ती. ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? मी खुशाल आहे, आणि या वेळी ते रीत म्हणून लिहीत नाहीये.

छातीच्या डॉक्टरांनी परवा फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "छाती साफ आहे." कारखान्याला आग लागल्यापासून हे पहिल्यांदाच ऐकलं. पण खरं सांगू, मला माणसात आणलं ते समुपदेशक बाईंनी. पहिल्या भेटीला मी रडायच्या तयारीने, दोन रुमाल घेऊन गेले होते. बाईंनी आगीचं नावच काढलं नाही. जेवता का? झोप लागते का? पोट साफ होतं का? मी वैतागून म्हटलं, "मी काय बाळंतपणाला आलेय?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आग विझलीय हे तुमच्या डोक्याला ठाऊक आहे. अंगाला अजून कुणी सांगितलेलं नाही. अंगात थोडं बळ येऊ दे, मग बोलू."

मग वेळेवर जेवण, सकाळचं चालणं, जिने. जिना चढताना छाती धडधडली की वाटायचं, आलाच धूर. मधेच बसकण मारून मी कठडा कवटाळायची. व्यायाम घेणारी मुलगी शेजारी बसायची. "ही धडधड जिन्याची आहे. थांबा, उतरेल." आणि उतरायची. अंगाला एवढं पटायला फार वेळ लागला.

दादा दवाखान्यात रोज यायचा, हे तुला माहीतच आहे. स्वतःच्या हाताने सूप भरवायचा, उशी नीट करायचा आणि विचारायचा, "त्या दिवशीचं काही आठवतंय का गं?" मी नाही म्हटलं की डोक्यावरून हात फिरवायचा. मला वाटायचं, याचा एवढा कारखाना जळाला, तरी याला काळजी माझीच.

गेल्या महिन्यात खांद्यांसाठी नवा व्यायाम दिला. भिंतीला तळवे लावायचे आणि जोराने ढकलायचं. ढकललं, भिंत हलेना, आणि ताई, मी तिथेच ओकले. कारखान्याचं मागचं दार होतं ते. मी आणि शर्टांना काजं करणाऱ्या मावशी, दोघी ढकलत होतो, आणि पलीकडे कुलूप कडीवर आपटत होतं. बाया मागच्या मागे सटकतात, अशी दादाची कायमची कुरकुर. त्यावर हा त्याचा इलाज. मावशी म्हणत होत्या, "भावाला हाक मार, किल्ली त्याच्याकडे असते." मी हाका मारल्या. मग मला कुणीतरी खिडकीतून ओढून काढलं. मावशींचा हात माझ्या हातात होता, तो सुटला.

बाईंना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "आता पेलवतंय, म्हणून आठवतंय." घरात मात्र सगळे उलटी आशा धरून बसले होते. ही धडधाकट झाली की विसरेल.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहितेस, धुराने डोक्यावर परिणाम झालाय असं चौकशीत सांग, डॉक्टरांकडून तसं लिहून घे. "दाराचा विषय काढू नकोस, दादाची पोरं उघड्यावर येतील." ताई, दाराबद्दल मी घरात चकार शब्द काढला नव्हता. तुलाही कधी लिहिलं नव्हतं. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. म्हणजे मी श्वासासाठी तडफडत पडले होते, तेव्हाच तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. छाती बरी व्हावी आणि डोकं मात्र बिघडलेलंच राहावं, अशी तुमची सोय होती.

काल मी चौकशीला गेले. कचेरी वरच्या मजल्यावर, जिन्यानेच गेले. दादा आधीच बसला होता. साहेबांना म्हणाला, "हिची तब्येत ठीक नसते." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तब्येत उत्तम आहे," मी म्हटलं. "विचारा."

आणि सगळं सांगितलं, किल्लीसकट. एकदाही खोकला आला नाही. मावशींची मुलगी मागच्या बाकावर होती. ती रडली नाही, माझ्याशी बोललीही नाही. बाहेर पडताना दादा कानाशी पुटपुटला, "यासाठीच तुला जगवली का?"

आई तेव्हापासून फोन उचलत नाही. वहिनी पोरांना घेऊन माहेरी गेल्याचं कळलं. पोरांसाठी जीव तुटतो, ते खोटं नाही. बाईंनी बजावलंय की आता काही दिवस पुन्हा झोप उडेल, घास उतरणार नाही, तरी जेवा. म्हणून आज एकटीपुरतं शिजवलं आणि बळेच संपवलं.

तू येऊ नकोस. माझ्या तब्येतीची विचारपूसही करू नकोस. ती कशासाठी होते, हे मला आता कळतं.

"तुझी" लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच,

धाकटी