बावीस नंबरच्या गाडीतले एकवीस नंबरचे इंजिन

मी, एर्मेस गॅलावोत्ती, वय वर्षे ब्याऐंशी, धंदा गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ करण्याचा, राहणार व्हिन्योला, हा कागद शुद्धीवर राहून लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही की गोड बोलून फसवलेले नाही. दुपारच्या जेवणात लाम्ब्रुस्को वाइनचा एकच पेला घेतला, तोही नोटरीबाईंच्या देखत. मार्च महिन्यात केलेले माझे मृत्युपत्र या कागदाने रद्द झाले असे समजावे. ते का रद्द करावे लागले, ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. घर, वर्कशॉप आणि बँकेत जे काही उरेल ते माझी एकुलती मुलगी लोरेदाना हिला मिळावे. माळ्यावरची व्हिनेगरची पिंपे तर मुळातच तिची आहेत. तिच्या जन्माच्या वर्षी माझ्या दिवंगत पत्नीने, इर्माने, ती तिच्या नावाने मुरायला भरली. जावई फाब्रित्झिओ भला माणूस आहे, पण ते व्हिनेगर तो सॅलडवर पाण्यासारखे ओततो. त्याला ते थेंबाथेंबानेच द्यावे.

कलम २. माझ्या सगळ्या हातोड्या आणि लाकडी मोगऱ्या लोरेदानाच्याच. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो. चौकातल्या कॅफेवाल्या नेरिओला काही नाही. पत्त्यांत तो माझी पाने आरशातून बघत असे.

कलम ३. आता गाडी. गावाझोली बंधूंनी अशा सदतीसच लाल दोन-आसनी गाड्या बांधल्या, माझी बाविसावी. तरुणपणी मी ती मोडीत घेतली, एका जुन्या स्कूटरच्या भावात. तेव्हा लोक हसले. आज तेच लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. ती लोरेदानाला मिळावी, पण काही गोष्टी पाळाव्यात. तिच्यावर प्लास्टिक घालू नये, आत दमट होते आणि पत्रा सडतो. इंजिन सुरू केल्यावर तेल गरम होईपर्यंत पाय आवरावा. सीटमध्ये उंदीर शिरू देऊ नयेत. पुन्हा रंग देऊ नये, फाब्रित्झिओने कितीही हौस दाखवली तरी. डाव्या दारावरचा पोचा इर्माच्या सायकलचा आहे, तोही काढू नये. आणि रविवारी ती गुईलिया गावाच्या चढावर न्यावी. उभी राहिलेली गाडी बसलेल्या म्हाताऱ्यासारखी असते, एकदा सांधे धरले की संपले.

कलम ४. चोवीस जूनपर्यंत या गाडीत तिचे स्वतःचे इंजिन नव्हते.

हकीकत अशी. एकविसावी गाडी माझ्या दोस्ताकडे, दोरांदो माल्मुसीकडे आहे. १९६९ साली चढावाच्या शर्यती मी लागोपाठ जिंकत होतो. दोरांदो म्हणे, "तू नाही जिंकत, तुझं इंजिन जिंकतं." मी म्हटले, "मग घे की माझं इंजिन, आणि जिंकून दाखव." आम्ही दोघांनी इंजिनांची अदलाबदल केली, आणि तो दोन सेकंदांनी जिंकला. मी म्हणालो, मला ताप होता. तो म्हणाला, इंजिनच जिंकतं हे आधी कबूल कर, मग इंजिन परत. मी कबूल केले नाही. चोपन्न वर्षे आम्ही एकाच गावात राहून एकमेकांशी बोललो नाही.

आता जग बदलले. गिऱ्हाईक येते ते रंगाकडे बघतच नाही; टॉर्च घेऊन गाडीखाली वाकते आणि इंजिनाचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो का ते वाचते. एक स्विस गृहस्थ उठून हात झटकत म्हणाले, "गाडी देखणी आहे हो, पण इंजिन सावत्र." निम्मी किंमत तिथेच गेली. दोरांदोच्या गाडीची तीच गत. त्यात त्याचा भाचा ती सप्टेंबरात लिलावाला काढणार असे कानावर आले. ती एकदा समुद्रापलीकडे गेली की माझे इंजिन कायमचे गेले.

म्हणून मार्चमध्ये मी लिहिले की माझ्यामागे एकविसाचे इंजिन दोरांदोला द्यावे, आणि त्याला कळवावे की त्याचे म्हणणे खरे होते. नोटरीबाईंनी चष्मा काढला. "गॅलावोत्तीसाहेब, त्यांचं वय चौऱ्याऐंशी. ते आधी गेले तर हे कोणाला वाचून दाखवू?"

जूनमध्ये मी दोरांदोकडे गेलो. तो शिडीवर चढून चेरी तोडत होता.

"उतर खाली. बोलायचंय."

"चोपन्न वर्षं थांबलास, अजून पाच मिनिटं थांब. ही फांदी होऊ दे."

उतरल्यावर मी म्हणालो, "इंजिनच होतं. मी नव्हतो."

"काय?"

"कान गेले का तुझे? इंजिनच होतं म्हणतोय."

"पहिल्यांदाच ऐकलं होतं रे. पुन्हा ऐकायचं होतं."

तीन शनिवार लागले. इंजिन उचलायची साखळी लोरेदानाने ओढली, आम्ही दोघे शेजारी उभे राहून तिला चुकीच्या सूचना देत होतो. माझे इंजिन मी उघडले. व्हॉल्व्ह घासून नीट बसवलेले, बेअरिंग नवे, कोरलेल्या नंबरावर तेलाचा हात, गंज चढू नये म्हणून. मीही त्याच्या इंजिनाचे दर हिवाळ्यात हेच करत आलो होतो.

"एवढं का सांभाळलंस?" मी विचारले.

"तू न्यायला आला असतास आणि बिघडलेलं निघालं असतं, तर गावभर सांगितलं असतंस, दोरांदोनं वाट लावली म्हणून."

मला रडू आले, हातात पाना तसाच. त्याने आपला रुमाल दिला, तोही तेलकट.

तेव्हा इंजिन देण्याचे कलम रद्द. ते जिवंतपणीच पार पडले.

कलम ५. गाडी विकायची की ठेवायची ते लोरेदानाने ठरवावे. मी ठरवत बसलो तर आणखी चोपन्न वर्षे जातील. दोरांदोने आपली लिलावातून काढून घेतली, भाचा त्याच्याशी बोलत नाही. भाच्याने फार ताणू नये, एवढे मी अनुभवाने सांगतो.

कलम ६. ज्याला या कागदाने काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे नोटरीबाई सांगतात. दोरांदोला आता या कागदाने काहीच मिळत नाही. म्हणून त्याला बोलावले आहे.

लिहून देणार: एर्मेस गॅलावोत्ती
ठिकाण व्हिन्योला, दिनांक १४ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार:
१. क्लेलिया बोनेत्ती, औषधांचे दुकान, व्हिन्योला
२. दोरांदो माल्मुसी. सगळे वाचून सही केली. त्या दिवशी याला खरोखरच ताप होता. शर्यतीआधी मी हात लावून पाहिला होता.