पानभर तांबडं

आई, उद्या सकाळी नगरला लॉची सीईटी आहे आणि माझा निम्माच अभ्यास झाला आहे. कायद्याचा भाग दोनदा वाचला, रिझनिंगच्या पुस्तकाला हातच लागला नाही. मी कोर्टाजवळच्या टायपिंगच्या दुकानात काम करते. तिथले मालक आज म्हणाले, "निम्म्या तयारीनं जाऊन काय दिवे लावणार ताई? पुढच्या वर्षी बघा." गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी हेच मी स्वतःला सांगितलं होतं. दोन्ही वेळा हॉल तिकीट काढलं आणि घरात बसून राहिले.

तू तिसगावला वखारीत कांदे निवडायला जायचीस. डाग दिसला की कांदा बाजूला. मी चौथीत असताना तू पहिल्यांदा माझी वही उघडलीस. गणिताचं पान होतं, सगळी उत्तरं बरोबर, प्रत्येकापुढे बाईंची लाल खूण. तू चुलीपुढे बसली आहेस, पान जाळाच्या उजेडाला धरतेस. "एवढं तांबडं? पानभर चुका काढल्या बाईनं." मी म्हटलं, बरोबर असलं तरी लाल पेननंच खूण करतात. तुला वाचता येत नाही म्हणून मी थाप मारते, असं तुला वाटलं. "मला येडी समजती व्हय गं?" मग उलथनं. आठवडाभर मला पेन्सिल धरता आली नाही.

त्यानंतर मी तुला वहीतली मागची कोरी पानंच दाखवली. तू वखारीतल्या बायकांना सांगायचीस, "माज्या पोरीच्या वहीला डाग न्हाई." हे मी वर्गात सांगितलं, तुझा आवाज काढून. मग मुली तुला रस्त्यात गाठायच्या. "मावशे, आज वहीला डाग हाय का?" तू पदर सावरून म्हणायचीस, "न्हाई गं बायांनो." मी त्यांच्यातच उभी असायचे आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

मी नववीत होते तेव्हा तू दवाखान्यात होतीस. बोलणं जवळजवळ बंद झालेलं, तरी बोटानं पान उलटल्यासारखं केलंस. मी कोरी वही तुझ्यापुढे धरली. पैकीच्या पैकी मार्कांचा पेपर त्याच दप्तरात होता. खरं सांगायला हरकत नव्हती, तुझा हात आता उचलला जात नव्हता. तरी सांगितलं नाही. तू ते कोरं पान बराच वेळ बघितलंस आणि मान हलवलीस.

आज दुपारी सरावाचा पेपर सोडवला आणि लाल पेननं तपासला. निम्मा चुकला. तो तुझ्या फोटोपुढे धरला, मग माझं मलाच कसंतरी झालं आणि पालथा घातला. पण मालकांकडून उद्याची सुट्टी मागून घेतली आहे. कोरी पानं तुला पुष्कळ दाखवून झाली. उद्या जाते.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही. तू असतीस, तरी ते वाचून दाखवायला मीच लागले असते. आणि मी तुला दुसरंच काहीतरी वाचून दाखवलं असतं.