पर्समध्ये मावणारी दुर्बीण

प्रिय नितेश,

'प्रिय' लिहून बसले आणि मग खोडायचाही कंटाळा आला. राहू दे. जाड काळ्या पेनानं लिहितेय, अक्षरं बोराएवढी झालीत. हसू नकोस. तुला हसायची सवय आहे म्हणून आधीच सांगितलं.

कमी दिसणाऱ्यांना दुर्बिणी देणारं अमरावतीचं ते केंद्र आठवतं का रे? बी.एड.ला असताना फळ्यावरचं सगळं तूच मला वाचून दाखवायचास. माझ्या नजरेच्या मधोमध डाग आहे, कडेचं दिसतं पण समोरच्या माणसाच्या तोंडाच्या जागी नुसता धब्बा, हे घराबाहेर तुलाच पहिल्यांदा सांगितलं होतं. म्हणून तर तुला सोबत नेलं. तिथल्या बाईंनी व्हरांड्यात बसवून दोन्ही प्रकार हातात दिले. एक हातात धरायची, अंगठ्याएवढी. दुसरी चष्म्याच्या वरच्या अंगाला बसवलेली. मान जराशी खाली केली की नळीतून लांबचं दिसायचं, वर केली की साधा चष्मा. मी ती घातली आणि रस्त्यापलीकडच्या एसटीची पाटी वाचली, चांदूर रेल्वे. रडूच आलं मला. बाई म्हणाल्या, शिकवणार असाल तर हीच घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. आणि तू काय म्हणालास? डोळ्याला भिंग लावलेला घड्याळजी दिसून राहिली म्हणे! मग स्वतःच ती चढवून माकडचेष्टा केल्यास, मी मोबाइलवर तुझा फोटो काढला. निघताना हळूच म्हणालास, हातातलीच घे, पर्समध्ये मावते, आई पाहायला येईल तेव्हा उगाच नजरेत नको, तिले मी आधी नीट समजावतो. मी येडी, घेतली हातातली.

तुम्ही मला पाहायला अकोल्याला यायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला विचारलं होतं, पोराच्या घरी माईत हाय ना सगळं? मी छातीठोकपणे हो म्हटलं. तुझ्या शब्दावर म्हटलं. तूच फोनवर सांगितलंस, मावशी दाराशी बसेल, आई मधे, पप्पा खिडकीजवळ, पांढऱ्या शर्टात, आधी त्यांच्याच पाया पड. मी ते पाठ केलं. पण तुला आमचे बाबा कुठे ठाऊक! तुमच्या गाडीचा ड्रायव्हर देवमन बाहेर उन्हात बसलेला दिसला आणि त्यांच्यानं राहवलं नाही. अरे बाहेर कावून बसता, या आत, चहा घ्या. त्यालाही पांढरा शर्ट. त्याला बसवलं पंख्याखाली, खिडकीजवळ, तुझे पप्पा सरकून पलीकडे. माझ्या दोन्ही हातांत चहाचा ट्रे. दुर्बीण पर्समध्ये, पर्स आतल्या खोलीत खुंटीला. सांग बरं, तिसरा हात कुठून आणू?

चहा दिला, ट्रे खाली ठेवला आणि मी देवमनच्या पाया पडले. तो बिचारा असा उडाला की त्याचा चहा माझ्या मानेवर. तुझी आई म्हणाली, पोरीले दिसत नाही का? मला वाटलं आता तू बोलशील. मान भाजत होती आणि मी वाकलेलीच, वाट बघत. तू बोललासही. आमाले हे कोणी सांगतलंच नाही, म्हणालास. आवाज तुझाच होता, तिथं चूक व्हायची शक्यता नव्हती.

तुम्ही निघालात तेव्हा मी आत जाऊन पर्समधून तुझी लाडकी दुर्बीण काढली आणि खिडकीतून बघितलं. एवढ्या लांबून तुझं तोंड मला तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. गाडीच्या दाराशी तू बहिणीला, आचलला, वाकून दाखवत होतास. देवमनच्या पायाशी मी वाकले तसं, हातांनी चाचपडत. ती तोंड दाबून हसत होती. तू फार हुबेहूब केलंस हो. देवमन एकटाच खाली बघत होता.

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. पोरीनं खोटं बोलून चारचौघांत तोंडघशी पाडलं, एवढंच आईला म्हणाले. वाढलेलं मुकाट्यानं खायचे, भाजीत मीठ नसलं तरी बोलायचे नाहीत. तो फोटो माझ्याकडे होता, दाखवला असता तर मिटलं असतं. पण मला तू बोलायला हवा होतास, निर्लज्जा! एक वाक्य, मले माईत होतं. वर्ष गेलं, तुझा साधा फोन नाही. मग मी चष्म्यावरची दुर्बीण घेतली. शाळेतली पोरं मला दुर्बीणबाई म्हणतात, म्हणोत. शेवटच्या बाकावरचं कोण डबा उघडतं ते मला फळ्यापाशी उभं राहून दिसतं.

आता मुद्द्याचं. काल धामणगावचे चिंतामणकाका आमच्याकडे आले होते. श्रावणीचे वडील, तुझे व्हायच्या बेतात असलेले सासरे. पोरगा तुमच्या पोरीसंग शिकला म्हणे, कसा हाय, एवढीच चौकशी करायला. बाबा समोरच बसले होते. मी मोबाइल काढून फोटो दिला. केंद्राची पाटी, तारीख, आणि चष्म्यावरची दुर्बीण डोळ्यांवर चढवून दात काढणारा तू. काकांनी पाहिला, मग बाबांनी. बाबांनी पुन्हा मागून घेतला. मग मला म्हणाले, रागिणी, काकाले पाणी दे. वर्षानं नाव घेतलं त्यांनी माझं. मी आत जाऊन रडले आणि मग बाहेर येऊन काकांना सगळं सांगितलं, आचलसमोरच्या नकलेसकट.

त्यांचा नकार दोन दिवसांत तुमच्याकडे येईल. मी त्यांना म्हटलं, वाद घालू नका, फोनवर एकच वाक्य बोला, आमाले हे कोणी सांगतलंच नाही. तुझी आई तुला विचारेल, काय नाही सांगतलं रे? पत्र त्यासाठीच लिहिलं, तुला उत्तर शोधत बसायला नको म्हणून. सोबत हातातली दुर्बीण पाठवतेय. तुझ्या खिशात मावेल. उत्तर देताना आईच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही, तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन यातून बघ. स्वच्छ दिसतं.

जिला तुझी म्हणून पाहायला आलात ती,
रागिणी