मागच्या जागेबाबत आणि माझ्या डोक्याबाबत

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, स्वतःच्या बाकावर बसून, कुणाच्या दडपणाशिवाय आणि डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी आज सकाळी तपासून सांगितलं आहे. मला विचाराल तर सकाळी असतं, दुपारनंतर सांगता येत नाही.

राहतं घर मुलाला. छप्पर गळतं, ते त्याला माहीत आहे. रंधा, पटाश्या आणि मोठी करवत मुलीला. मुलाने माझी चांगली पटाशी एकदा डबा उघडायला वापरली होती, ते मी विसरलेलो नाही. बाकी बरंच विसरलो आहे.

आता मागची जागा. ती मी शेजारच्या शिलाईवालीला विकली. तिने तिथे दोन खोल्या बांधल्या, खिडक्या मीच बसवून दिल्या. मुलगा कोर्टात म्हणतो, बाबांना तेव्हा भान नव्हतं, विक्री रद्द करा. पुरावा काय, तर व्यवहार ठरताना मी म्हणालो, "थांबा, आत जाऊन हिला विचारून येतो." आणि माझी बायको तर त्याआधीच वारली होती.

अहो, ती गेली हे मला ठाऊक नव्हतं का? पण जन्मभर तिला विचारल्याशिवाय खिळा ठोकला नाही, तर जागा कशी विकू? तिच्या खाटेपाशी जाऊन विचारलं, "दे" म्हणाली, दिली. आता ती खरंच बोलली की मला तसं वाटलं, काही कळत नाही. कधीकधी मुलाचंच खरं वाटतं आणि फार भीती वाटते.

म्हणून हे कलम. मी शहाणा होतो असं ठरलं, तर जागा शिलाईवालीची आहेच. नव्हतो असं ठरलं, तर जागा माझी, आणि माझी असेल तर ती मी या कागदाने तिलाच देतो.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, झकास. पण काकूंना विचारल्याचं तेवढं खोडा. नाहीतर मुलगा हाही कागद मोडीत काढेल."

खोडलं तर मी खोटा, ठेवलं तर वेडा. आणि त्या बाईच्या दोन खोल्यांचं काय? डोक्याचा नुसता भुगा झाला. शेवटी पेन ठेवलं आणि आत जाऊन आलो.

साक्षीदार: डॉक्टर (सही), कोपऱ्यावरचा चष्मेवाला (सही)
ठिकाण: माझा कारखाना
दिनांक: आजचा, वकीलबाईंना विचारून घातला
लिहून ठेवणार: सुतार (सही)
खाडाखोड: नाही. ही म्हणाली, राहू दे.